गांजाचे व्यसन आणि आनुवंशिकता



‘खाण तशी माती’ असे एक म्हण सांगते. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळा, वाण नाही पण गुण लागला’ असे दुसरी सांगते. गांजाच्या व्यसनाबाबत यांतील खरी कोणती? बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व तंत्रिकाविज्ञान संस्थेत, म्हणजेच ‘निम्हान्स’मध्ये, मुलाला उपचारासाठी आणणाऱ्या पित्याला हा प्रश्न निव्वळ जिज्ञासेचा नसतो. हे आपल्याच रक्तातून आले काय, आणि धाकट्याच्याही वाट्याला येणार काय, ही चिंता त्यामागे असते.

या प्रश्नावर पहिला प्रकाश जुळ्या भावंडांच्या अभ्यासाने पाडला. एकाच फलित बीजांडापासून जन्मलेल्या जुळ्यांची जनुके जवळजवळ सारखी असतात. इतर जुळ्यांचे साम्य सामान्य भावंडांइतकेच असते. व्यसनाच्या बाबतीत पहिल्या प्रकारच्या जुळ्यांत अधिक साम्य आढळते. अशा अनेक अभ्यासांचे एकत्रित गणित २०१० साली मांडण्यात आले. गांजाच्या अतिरेकी सेवनाबाबत माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातील निम्म्याहून थोडा अधिक वाटा आनुवंशिकतेचा ठरला. व्यसनी बापाच्या निम्म्या मुलांना व्यसन लागते, असा याचा अर्थ नव्हे. हा आकडा समूहातील भिन्नतेचा आहे. एका मुलाचे भविष्य त्यात वाचता येत नाही.

मग या व्यसनाचे जनुक कोणते? असे एकच जनुक नाही. २०१९ साली डेन्मार्कमधील संशोधकांनी सीएचआरएनए-२ या जनुकाकडे लक्ष वेधले. निकोटीन ज्या ग्राहींवर कार्य करते, त्यांचा एक घटक हे जनुक घडविते. २०२० साली सुमारे २१,००० रुग्णांच्या अभ्यासाने त्याला दुजोरा दिला व फॉक्सपी-२ या जनुकाच्या परिसराची भर घातली. २०२३ मध्ये दहा लाखांहून अधिक व्यक्तींची जनुकीय माहिती तपासली गेली. प्रत्येक जनुकभेदाचा परिणाम तिळाएवढा. असे असंख्य तीळ एकवटले म्हणजे कल वाढतो.

तथापि त्या दहा लाखांत युरोपीय वंशाचे लोक बहुसंख्य होते. भारतीयांचा स्वतंत्र गट नव्हता. तेथील आकड्यांवरून येथील मुलाचे भाकीत वर्तविणे शास्त्राला धरून होणार नाही. ही उणीव भरून काढण्याच्या दृष्टीने ‘निम्हान्स’च्या पुढाकाराने ‘सी-वेदा’ हा भारत-ब्रिटन प्रकल्प हाती घेण्यात आला. बंगळूर, म्हैसूर, चंडीगड, कोलकाता, इंफाळ व ऋषी व्हॅली येथील ६ ते २३ वर्षे वयाच्या सुमारे १०,००० मुलांचा व तरुणांचा अभ्यास त्यात योजला होता. जनुकांबरोबरच घर, शाळा, दारिद्र्य आणि शरीरात जाणारे विषारी पदार्थ यांचाही त्यात विचार आहे.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशातील सुमारे ७२ लाख लोकांना गांजा, चरस वा भांगेच्या सेवनामुळे मदतीची गरज होती. त्यांच्या कुटुंबीयांनी ध्यानात घ्यावे असे इतकेच, की कल म्हणजे निवाडा नव्हे. मादक द्रव्य शरीरात गेल्यावाचून कोणतेही जनुक गांजाचे व्यसन जडवू शकत नाही. ज्या घरात असे व्यसन आहे, तेथे धाकट्याला दूषण न देता त्याच्याशी वेळीच मोकळेपणाने बोलावे, आणि निदान कोवळ्या वयात तरी त्याला चिलमीपासून दूर ठेवावे. खाण बदलता येत नाही. शेजार मात्र बदलता येतो.