लाइनीचं दुसरं टोक



आज एका शब्दाबद्दल बोलायचं आहे. शब्द इंग्रजी आहे, पण मावळात तो इतका मुरलाय की त्याला परका म्हणायची सोय उरलेली नाही. शब्द आहे ‘लाइन’. कुणी लाइन म्हणतं, कुणी लायन, आणि घाईत असलेला माणूस नुसतंच ‘लैन’ म्हणून मोकळा होतो.

मावळातला कोणताही दिवस घ्या. मळवलीच्या स्टेशनावर कुणीतरी ओरडतं, ‘अरे, गाडी पलीकडच्या लाइनीला लागतेय, पळा!’ वडगावच्या कचेरीत दाखल्यासाठी आलेला माणूस पुढच्याला विचारतो, ‘लाइन कुठवर आली?’ नाणे मावळातला शेतकरी मोटार चालू करायच्या आधी शेजाऱ्याला हाक घालतो, ‘लाइन आली का रे?’ कामशेतचा गवंडी सांगतो, ‘आज लाइनआउट टाकून घेऊ, उद्यापासून पाया.’ लग्नाच्या मांडवात एखादी आत्या हळूच चौकशी करते, ‘पोरगं कुठल्या लाइनला आहे?’ आणि लोणावळ्याच्या कॉलेजबाहेर कोण कुणाला लाइन मारतंय, याची खबर दुपारपर्यंत सगळ्या गावाला असते.

एकच शब्द आणि इतकी कामं. गंमत म्हणजे कुणाचा घोटाळा होत नाही. मोटारीची लाइन विचारली म्हणून कुणी कचेरीच्या रांगेबद्दल सांगत बसत नाही.

आता प्रश्न असा, की या शब्दावाचून आपलं अडलं होतं का? मुळीच नाही. उलट मराठीनं जागोजागी वेगळे शब्द ठेवले होते. वहीत ओळ, कागदावर रेघ, भूमितीत रेषा, माणसांची रांग, घरांची आळी, विजेची तार. इंग्रज जिथे एका शब्दावर भागवतो तिथे आपल्याकडे अर्धा डझन. मग ‘लाइन’ आली कशी, आणि राहिली कशी?

मला वाटतं, याचं उत्तर कार्ल्याच्या डोंगरावर मिळतं. चैत्रातल्या जत्रेत एकवीरा आईच्या दर्शनाला हजारो माणसं उभी असतात. तिथे बहुतेकांच्या तोंडी शब्द येतो ‘रांग’. तीच माणसं डोंगर उतरून गावी आली आणि रेशनच्या दुकानासमोर उभी राहिली, की तिची ‘लाइन’ होते. माणसं तीच, उभं राहणं तेच. फरक एवढाच, की देवीच्या दारात आपण आपल्या मनानं उभे असतो. दुकानासमोर मात्र दार केव्हा उघडायचं, माल किती द्यायचा, हे दुसरं कुणी ठरवतं. ज्या ओळीचं दुसरं टोक आपल्या हातात नाही, तिला आपण ‘लाइन’ म्हणतो. हा व्याकरणातला नियम नव्हे, आणि त्याला अपवादही सापडतील. पण मावळाला लागू करून बघा, बराच लागू पडतो.

कारण मावळात पहिली लाइन आली ती रेल्वेची. बोरीबंदर ते ठाणे ही गाडी १८५३ साली धावली, हे शाळेत सगळेच शिकतात. पण खंडाळा ते पुणे ही लाइन १८५८च्या जूनमध्येच सुरू झाली होती, हे फारसं कुणी सांगत नाही. म्हणजे मावळात गाडी धावत होती, खाली खोपोलीपर्यंतही धावत होती, आणि मधला बोरघाट तेवढा राहिला होता. प्रवासी घाटात उतरायचे आणि पालखी, तट्टू, बैलगाडी, जे मिळेल त्यानं पलीकडे जायचे. घाटातली लाइन पुरी झाली १८६३ साली. सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट चढ, असा तिचा खडा चढाव. काम ऐन भरात असताना, १८६१च्या सुमारास, बेचाळीस हजारांच्या आसपास मजूर त्या डोंगरावर राबत होते. पटकीनं आणि तापानं त्यांतले जे मेले, त्यांची नावं कुठल्या दगडावर कोरलेली नाहीत. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हिंदुस्थानात आल्यावर थोड्याच दिवसांत, १८५९ साली वारला. त्याची बायको अ‍ॅलिस हिनं कंत्राट अंगावर घेतलं आणि काम तडीला नेलं.

या लाइनीचं एक टोक मुंबईला आणि दुसरं दख्खनेत. कापूस, पलटणी, टपाल, साहेब लोक, सगळं मावळातून जायचं. मावळ वाटेवर होता. पण वाटेवरचा माणूस ऐकत असतो, आणि ऐकलेलं ठेवून घेतो. पुढच्या स्टेशननं ‘लाइन क्लिअर’ दिल्याखेरीज स्टेशनमास्तरला गाडी सोडता येत नाही. हा रेल्वेचा काटेकोर शब्द स्टेशनाबाहेर पडला आणि घराघरांत शिरला. आज सासरेबुवा झोपले की जावई मित्राला फोनवर सांगतो, ‘लाइन क्लिअर आहे, ये.’ कर्जतपासून लोणावळ्यापर्यंत घाटात अप आणि डाउन या दोन लाइनींच्या जोडीला तिसरी आहे, मधली. दोघांच्या भांडणात कुणाचीच बाजू न घेणाऱ्याला ‘हा मधल्या लाइनीचा’ म्हणायला काही हरकत नाही. कुणी म्हणत नसेल तर आजपासून म्हणावं.

दुसरी लाइन आली विजेची. लोणावळ्याच्या टाटांच्या धरणांची पायाभरणी १९११ साली झाली. लोणावळा, वळवण, शिरवता असे तलाव बांधले गेले. मावळात पडलेला पाऊस तिथे अडवायचा, खंडाळ्यापर्यंत न्यायचा आणि तिथून नळांमधून सुमारे पाचशे मीटर खाली खोपोलीच्या वीजघरात सोडायचा. १९१५ साली ही वीज तारांवरून मुंबईच्या कापडगिरण्यांत पोचली. एक गोष्ट लक्षात घ्या. हे पाणी मुळात इंद्रायणीचं. त्याच्या नशिबी आळंदी होती, पुढे भीमा, मग कृष्णा आणि शेवटी बंगालचा उपसागर. त्याला उलटं वळवून पाताळगंगेत आणि अरबी समुद्रात धाडलं. पुढे आंदर मावळात ठोकरवाडीचं धरण झालं आणि भिवपुरीचं वीजघर १९२२ साली चालू झालं. शेजारच्या मुळशीत याच सुमारास शेतकऱ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. सेनापती बापटांचं ‘सेनापती’ हे बिरुद त्या लढ्यातलंच.

उंच मनोरे शेतातून गेले, तारा डोक्यावरून गेल्या, आणि त्यांच्याखालच्या घरांत कित्येक वर्षं कंदीलच होते. म्हणूनच की काय, वीज गावात आल्यावरही तिचं नाव पडलं ‘लाइन’. ती येते आणि जाते. कुठून येते ते ठाऊक असतं, का जाते ते कुणी सांगत नाही. सरकारदरबारी ‘लाइनमन’ असलेल्या माणसाला गाव मात्र ‘वायरमन’ म्हणतं. वायर दिसते, खांबावर चढलेला माणूस दिसतो. लाइन दिसत नाही, तिची नुसती वाट बघायची असते.

तिसरी लाइन पाण्याची, आणि तिच्याबद्दल हलकं बोलता येत नाही. पवना धरणातून थेट निगडीपर्यंत बंद नळानं पाणी न्यायची पिंपरी-चिंचवड महापालिकेची योजना होती. कागदावर तिचं नाव ‘बंद जलवाहिनी’. पवन मावळात तिला कुणी जलवाहिनी म्हटलं नाही. लोक म्हणाले ‘पाइपलाइन’. शेतकऱ्यांचं म्हणणं साधं होतं. पाणी नदीतून वाहतं तोवर काठच्या गावांना त्यात वाटा आहे. ते नळात शिरलं की वाटा संपला. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर आंदोलन झालं, पोलिसांनी गोळीबार केला आणि तिघे शेतकरी मारले गेले. त्यांत एक स्त्री होती. योजनेचं काम त्यानंतर कित्येक वर्षं थांबलं. मावळात आजही ‘पाइपलाइन’ म्हटलं की पाण्याआधी तो दिवस आठवतो.

तर रेल्वे, वीज, पाणी. तिन्ही लाइनी मावळातून गेल्या, तिन्हींची दुसरी टोकं दुसऱ्यांच्या गावी. एवढ्यावर थांबलो तर ही एक तक्रारच होईल. पण शब्द वापरणारी माणसं तक्रार करून गप्प बसत नाहीत. ती शब्दाला आपल्या कामाला जुंपतात.

इंग्रजीतल्या या शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये आहे, आणि त्याचा अर्थ जवसाच्या वाखाचा दोरा. लिनन कापडाचं नावही त्याच घराण्यातलं. म्हणजे मुळात लाइन म्हणजे ताणलेला दोरा. आता आषाढात मावळातल्या खाचरात बघा. इंद्रायणी हा तांदूळ वडगावच्या भात संशोधन केंद्राचा, १९८७ साली प्रसारित झालेला. चारसूत्री पद्धतीनं त्याची आवणी करायची, तर खुणा केलेली दोरी दोन बांधांवर ताणतात. पंधरा सेंटिमीटर, पंचवीस सेंटिमीटर, पुन्हा पंधरा, अशा अंतरानं रोप लावत बायका मागे मागे सरकतात. बांधावरून कुणीतरी ओरडतं, ‘लाइन सोडू नका गं!’ या एका लाइनीची मात्र दोन्ही टोकं आपल्याच माणसांच्या हातात असतात.

आणि आता मांडवातल्या आत्याकडे येऊ. ‘पोरगं कुठल्या लाइनला आहे?’ या प्रश्नात मला या शब्दाची सगळ्यात मोठी कमाई दिसते. आपल्या जुन्या समाजात हा प्रश्नच नव्हता. सुताराचा मुलगा सुतार, कुंभाराचा कुंभार. आडनाव कळलं की काम कळलं. जे जन्मानं ठरतं ते विचारायचं कशाला? मग मुलं पिंपरीच्या कारखान्यांत गेली, तळेगावच्या एमआयडीसीत गेली, कुणी हॉटेलात, कुणी ड्रायव्हिंगला, कुणी लोणावळ्याच्या बंगल्यांची देखभाल करायला लागला. आता जे काम करतो ते जातीनं आलेलं नाही, ‘व्यवसाय’ म्हणावं तर शब्द फॉर्मातला, ‘धंदा’ म्हणावं तर मुलीकडचे दचकतात. तिथे ‘लाइन’ कामाला आली. हॉटेल लाइन, फार्मा लाइन, ट्रान्सपोर्ट लाइन. यात जात नाही, मान-अपमान नाही. आणि मुख्य म्हणजे लाइन बदलता येते. रेल्वेत सांधा फिरवला की गाडी दुसऱ्या लाइनीवर जाते, हे स्टेशनाशेजारी वाढलेल्या लोकांना वेगळं शिकवावं लागलं नाही.

अर्थात इथेही दुसरं टोक सुटलेलं नाही. कारखान्यातली पोरं म्हणतात, ‘मी लाइनवर आहे’, म्हणजे जिथे यंत्रांच्या ओळीतून गाडी जुळत जाते तिथे. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना २००८ साली सुरू झाला आणि २०२०च्या डिसेंबरात त्यातलं उत्पादन बंद झालं. ‘लाइन बंद झाली’, लोकांनी एवढ्याच शब्दांत सांगितलं. निर्णय सातासमुद्रापलीकडे झाला होता. काही जणांनी मग लाइन बदलली. बदलता आली, हेही त्याच शब्दानं सांगितलं.

राहिली कॉलेजबाहेरची लाइन. ती आमच्या नियमात बसते का? माझ्या मते अगदी चपखल बसते. तिथेही उभं राहणं आपलं, आणि होकार-नकार पूर्णपणे समोरच्याच्या हातात. कचेरीतल्या लाइनीत निदान नंबर तरी लागतो.

शुद्ध मराठीचा आग्रह धरणारी मंडळी या शब्दावर रागावतात. त्यांचा राग मी समजू शकतो. रांग, ओळ, आळी, रेघ हे शब्द विसरले जाऊ नयेत, हे शंभर टक्के खरं. पण ‘लाइन’ हाकलून द्यायची तर तिच्या जागी येणाऱ्या शब्दाला एक काम करावं लागेल. ज्या व्यवस्थेपुढे आपण उभे आहोत ती आपली नाही, हे एका दमात सांगावं लागेल. ‘जलवाहिनी’ला ते जमलं नाही. व्यवस्था जसजशी आपली होईल, तसतशी रांग आपोआप परत येईल. तोवर ‘लाइन’ कानावर पडली, की तिचं दुसरं टोक कुणाकडे आहे, एवढं विचारायची सवय ठेवू.