तातडीच्या वेळी कोणाला कळवावे?
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी फोन केला तेव्हा आधीच बजावलं होतं, "तू सात वर्षं जपानमध्ये होतीस, तिकडचं काहीतरी सांग. पण बुलेट ट्रेन आणि चेरीची फुलं नकोत, ती आम्ही मोबाइलवर बघतो." माझं काम सोपंच झालं. मी आज तिकडच्या रोजच्या जगण्याबद्दल आणि तिथे मिळालेल्या माणसांबद्दल बोलणार आहे. शेवटी तुमच्याकडे एक मागणंही आहे, तेव्हा जेवणाची घाई करू नका.

आपण शाळेत होतो तेव्हा हिंजवडी, माण, मारुंजी ही आपल्या तालुक्यातली साधी शेतीची गावं होती. पुढे तिथे आयटी पार्क आलं आणि देशभरातले इंजिनिअर मुळशीत नोकरीला येऊ लागले. मी मुळशीची, पण माझी गाडी उलट्या दिशेने गेली. २००७ साली कंपनीने मला "एका वर्षासाठी" टोकियोला पाठवलं. मुलगा तेव्हा सहा महिन्यांचा होता. परत आलो ते २०१४ साली.

आम्ही राहायचो निशी-कासाई नावाच्या भागात. टोकियोच्या पूर्वेला, एदोगावा वॉर्डात. २०००च्या सुमाराला संगणकांच्या कामासाठी भारतीय इंजिनिअर जपानला जाऊ लागले, तेव्हापासून इथे आपल्या लोकांची वस्ती वाढत गेली. कारणं अगदी व्यवहाराची होती. इथून मेट्रोची तोझाई लाइन थेट ओतेमाची आणि निहोनबाशीच्या ऑफिसांपर्यंत जाते. आणि इथे सरकारी गृहनिर्माण संस्थेच्या मोठ्या इमारती आहेत. टोकियोत घर भाड्याने घ्यायचं तर जपानी जामीनदार लागतो, वर घरमालकाला परत न मिळणारे "आभाराचे" पैसे द्यावे लागतात. या इमारतींमध्ये दोन्ही लागत नाही. परक्या माणसाला जामीन कोण राहणार? म्हणून सगळे तिथे.

पहिले सहा महिने कचऱ्याने माझी परीक्षा घेतली. जळणारा कचरा कोणत्या वारी, न जळणारा कोणत्या वारी, बाटल्यांची झाकणं वेगळी, कागद दोरीने बांधून. चुकीच्या दिवशी ठेवलेली पिशवी तिथेच राहते, तिच्यावर चिठ्ठी लागते आणि सगळी इमारत ती वाचते. आमच्या खाली पहिल्या मजल्यावर एक जपानी आजी एकट्या राहायच्या. पंचाहत्तरी ओलांडलेल्या. त्यांनी एक दिवस दारात येऊन माझ्या हातात कॅलेंडर ठेवलं. प्रत्येक वारावर त्यांनी चित्र काढलं होतं: बाटली, डबा, मासळीचा काटा. पुण्यात क्लास लावून मी जपानी शिकले होते, पण कामाचं जपानी त्या चित्रांपासून सुरू झालं. मी त्यांना मराठीतूनच "आजी" म्हणायला लागले. त्यांना त्याचा अर्थ सांगितला, तर त्या म्हणाल्या, चालेल.

भाताची मात्र अडचण आली नाही. आमच्या बरोबरचे काही लोक म्हणायचे, हा जपानी तांदूळ चिकट आहे, सुटा होत नाही. मी मनात म्हणायचे, आमचा इंद्रायणी तरी कुठे सुटा होतो! ऑफिसातल्या एका मुलीच्या आईवडिलांची निइगाताला भातशेती होती. मे महिन्यातल्या सुट्टीत तिने आम्हाला लावणीला नेलं. तिकडे लावणी यंत्राने होते, पण कोपऱ्यांत यंत्र वळत नाही, तेवढी रोपं हाताने लावतात. शहरातली मंडळी चिखलात फोटो काढत होती. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, रोपांची मूठ डाव्या हातात धरली आणि मागे सरत लावत गेले. तिच्या आईने बराच वेळ बघितलं. मग काही न बोलता माझ्या शेजारी येऊन वाकली आणि आम्ही दोघींनी तो कोपरा पुरा केला. पुढे दरवर्षी नव्या तांदळाची एक पिशवी टपालाने आमच्या घरी यायची.

मराठी घरं आमच्या आसपास दहा-बारा तरी होती. गणपतीत हॉल भाड्याने घ्यायचा, मोदकांची वाटणी करायची, मुलांची नाटकं बसवायची, हे सगळं व्हायचं. पण खरी मैत्री झाली ती एका ट्रान्सफॉर्मरमुळे. जपानमध्ये घरातली वीज १०० व्होल्टची. आपला मिक्सर २३० व्होल्टचा. तो तिथे नुसता गुरगुरतो, चटणी काही वाटत नाही. कुणीतरी जाताना सोडून गेलेला एक जड, लोखंडी ट्रान्सफॉर्मर आमच्या इमारतीत होता. तो ज्याच्याकडे असेल त्याच्याकडे त्या दिवशी सगळ्यांचं वाटण. इडलीचं पीठ, खोबरं, शेंगदाण्याचा कूट. वाटण होईपर्यंत चहा आणि चहाबरोबर सासू, व्हिसा, मुलांची शाळा, सगळे विषय. चौथ्या मजल्यावरची लातूरची मैत्रीण मला त्या ट्रान्सफॉर्मरनेच दिली.

तिच्याबद्दल थोडं सांगते. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनानंतरची पहाट, किल्लारीचा भूकंप. आपण तेव्हा आठवीत होतो आणि शाळेत मदतीसाठी धान्य आणि कपडे गोळा केले होते, आठवतं ना? ती तेव्हा अकरा वर्षांची होती आणि तिचं आजोळ त्या पट्ट्यात होतं. आजोळची कोण कोण माणसं गेली, हे तिने मला एकदाच सांगितलं. जपानमध्ये लहान धक्के नेहमीचेच, पण ती रोज रात्री पलंगाखाली बूट आणि बॅटरी ठेवून झोपायची. आम्ही तिला हसायचो. ती म्हणायची, हसा.

मुलाला पाळणाघरात घातलं तेव्हा एक फॉर्म भरायचा होता. त्यात एक रकाना होता, "तातडीच्या वेळी कोणाला कळवावे". आई आणि वडील सोडून दोन नावं. तिकडे नियम कडक, यादीत नाव नसेल त्या माणसाच्या ताब्यात मूल देत नाहीत. मी पेन हातात घेऊन बसले. इथे मुळशीत असते तर तो रकाना अपुरा पडला असता. आई, काका, मावशी, शेजारचे भाऊ. तिथे त्या दोन ओळींसाठी मला माणसं शोधावी लागली. आपण किती जणांना ओळखतो आणि आपल्याकडे माणूस किती आहे, या वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या फॉर्मने दाखवलं. मी पहिल्या ओळीत लातूरच्या मैत्रिणीचं नाव लिहिलं. दुसऱ्या ओळीसाठी खाली जाऊन आजींना विचारलं. त्यांनी वाकून होकार दिला आणि आत जाऊन स्वतःचा शिक्का घेऊन आल्या. शिक्क्याची गरज नव्हती, पण त्यांच्या लेखी ही गोष्ट शिक्क्याची होती.

११ मार्च २०११, शुक्रवार, दुपारी २ वाजून ४६ मिनिटं. तोहोकूच्या किनाऱ्यापुढे समुद्रात ९.० तीव्रतेचा भूकंप झाला. मी ओतेमाचीच्या ऑफिसात होते. नवरा कामानिमित्त ओसाकाला. इमारत बोटीसारखी हलत होती आणि कितीतरी वेळ थांबेना. मग मेट्रो बंद, मोबाइल लागेना. मी चालत निघाले. घर दहा-एक किलोमीटरवर. फुटपाथवर हजारो माणसं, सगळी एकाच बाजूने, कुणी ढकलत नव्हतं. सार्वजनिक फोन चालू होते, त्यांच्यासमोर लांब रांगा होत्या. अराकावा नदीवरचा लांब पूल ओलांडताना अंधार पडला होता आणि वारा बोचत होता. मनात एकच गोष्ट होती, पाळणाघर.

पोचले तर तिथे दारावर मुलाच्या नावापुढे खूण होती: नेलं. वेळ तीन वाजून दहा मिनिटं. भूकंपाला जी सर्वात घाबरायची, ती आपली आठ महिन्यांची मुलगी आजींच्या हातात देऊन, लिफ्ट बंद म्हणून जिन्याने उतरून, धक्के चालू असताना माझ्या मुलाला आणायला गेली होती. मी घरात शिरले तेव्हा आजींच्या टेबलाखाली दोन्ही मुलं गाद्या घालून झोपवलेली होती आणि या दोघी बाजूला बसल्या होत्या. एकीला दुसरीची भाषा येत नव्हती. मी तिला विचारलं, "तुला भीती नाही वाटली?" ती म्हणाली, "वाटली की. पण नाव माझं लिहिलं होतंस ना."

मग फुकुशिमाच्या बातम्या सुरू झाल्या आणि बरेच भारतीय मायदेशी परतले. ज्याचं त्याचं कारण होतं, त्यात चूक-बरोबर काही नाही. आम्ही राहिलो, तीही राहिली. दुकानांतून ब्रेड, पाणी, बॅटरी गायब. २३ मार्चला जाहीर झालं की वर्षाच्या आतल्या बाळांना नळाचं पाणी देऊ नका. दुसऱ्या दिवशी ती सूचना मागे घेतली गेली आणि सरकारने प्रत्येक बाळामागे ५५० मिलीलिटरच्या ३ बाटल्याही वाटल्या. पण त्या एका संध्याकाळी लातूरकरणीच्या दाराशी पाण्याच्या सहा बाटल्या उभ्या होत्या. चिठ्ठी नव्हती. चिठ्ठीची गरजही नव्हती.

तिकडच्या मैत्रीला मुदत असते. व्हिसा संपतो, प्रोजेक्ट संपतं, कुणी सिंगापूरला जातं, कुणी पुण्याला. निघताना मी ट्रान्सफॉर्मर नागपूरच्या एका नव्या जोडप्याकडे दिला. लातूरची मैत्रीण आता जर्मनीत आहे. आजी २०१७ साली गेल्या. त्यांच्या भाचीने मला कळवलं, कारण आजींच्या वहीत माझं नाव होतं.

आता इकडचं सांगते, आणि ते जास्त महत्त्वाचं आहे. २०१३च्या जुलैमध्ये, ऐन पावसात, माझी आई इथे पडवीत घसरून पडली. मांडीचं हाड मोडलं. दादा गेल्यापासून ती एकटीच होती. मला कळलं तेव्हा तिथे रात्र झाली होती आणि आईला पुण्याला दाखल करून झालं होतं. नेलं कुणी? आपल्याच वर्गातली, तिसऱ्या बाकावरची, जी आज गिरणी चालवते. गिरणी बंद केली, दिराची पिकअप काढली, आईला गादीवर झोपवून नेलं. फॉर्मवर नातं विचारलं, तेव्हा तिने सांगितलं, मुलीची वर्गमैत्रीण. काउंटरवरचा माणूस म्हणाला, हे नातं होत नाही. ती म्हणाली, "मग मुलगी लिहा." आज ती समोर बसली आहे आणि मला खुणेने गप्प बस म्हणते आहे. पण हे मला तुम्हा सगळ्यांसमोर म्हणायचं होतं.

तर माझं मागणं असं. आपल्यातले निम्मे जण पुणे, मुंबई आणि परदेशात आहेत. आईवडील मात्र इथेच आहेत, आणि आपले निवृत्त शिक्षकही. आपण एक वही करू या. प्रत्येक घराचा पत्ता, औषधं, डॉक्टरचा नंबर, आणि "तातडीच्या वेळी कोणाला कळवावे" या रकान्यात जवळ राहणाऱ्या वर्गमित्रांची दोन नावं. नाव लिहिण्याआधी त्याला विचारायचं. आणि बाहेर राहणाऱ्यांनी गाडीचा, पेट्रोलचा, औषधांचा खर्च उचलायचा. सगळं जवळच्यांवर टाकून मोकळं व्हायचं नाही. मी इंजिनिअर आहे, पण ॲप करणार नाही. ताम्हिणीच्या बाजूला पावसात रेंज जाते, हे तुम्हाला माहीत आहे. छापील वही, घरोघरी एक प्रत.

वही मी आणली आहे, जेवणाच्या टेबलाशेजारी ठेवली आहे. निघण्यापूर्वी आपापली पानं भरा.