माज ओळखा, तारीख लिहा

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत पशुसखीने केलेलं भाषण)

गटाच्या कर्जातून गाय घेतली की बाया पहिलं विचारतात, दूध किती देते? मी विचारते, व्याल्यावर परत माजावर कधी आली, तारीख सांगा. तिथं बऱ्याच जणी गप्प होतात.

गाय गाभण नसेल तर साधारण दर 21 दिवसांनी माजावर येते. एखादी 18 व्या दिवशी, एखादी 24 व्या. माज टिकतो फक्त 12 ते 18 तास. तेवढी वेळ हुकली की पुढचे तीन आठवडे गेले. गाय भाकड असेल आणि चारा-पेंडीला रोज 150 रुपये धरले, तर एका हुकलेल्या माजाचे 3,150 रुपये झाले. कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही.

गाय हंबरते, चारा सोडते, दूध चोरते, घडीघडी लघवी करते. पण पक्की खूण एकच. दुसरी गाय अंगावर उडाली तरी ती जागची हलत नाही. दावणीला एकटीच गाय असेल तर बळस बघा. तो काचेसारखा स्वच्छ, तार धरणारा हवा. गढूळ किंवा पुवासारखा असेल तर भरवू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. म्हशीचा माज मुका असतो, उन्हाळ्यात तर जास्तच. तिच्याकडे रात्री झोपताना आणि पहाटे एक नजर टाकायचीच.

सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. कारण माज संपल्यावर 10-12 तासांनी अंडं सुटतं. फार लवकर भरवलं तर तोवर बीजाचा जोर संपतो आणि गाय उलटते.

आता खरं बोलू का? शेण आपण काढतो, धार आपण काढतो, माज आपल्याच नजरेला पडतो. अन् फोन करायला मालक शेतातून यायची वाट बघतो! तोवर वेळ निघून जाते. भरवणाऱ्याचा नंबर तुमच्या फोनमध्ये पाहिजे.

तो आला की विचारा, कांडी कोणत्या जातीची? कांडीवर वळूचा नंबर छापलेला असतो, तो लिहून ठेवा. गावातला एकच वळू वर्षानुवर्षं वापरला तर तो स्वतःच्याच कालवडीवर जातो आणि पुढची पिढी कमजोर निघते. देवणी, लाल कंधारी गाय चांगली असेल तर तिला तिच्याच जातीची कांडी लावा, असं माझं मत. चारा-पाणी नसताना होल्स्टीनच्या मागं लागून उन्हाळ्यात धापा टाकणारी गाय सांभाळणं सोपं नाही. ज्यांच्याकडे हिरवा चारा आणि सावली आहे, त्यांनी संकर जरूर करावा.

कांडी नायट्रोजनच्या टाकीतून निघते, उणे 196 अंशांतून. ती 37 अंशांच्या कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरली पाहिजे. कुणी नुसती हातावर चोळत असेल तर टोका.

भरवल्यावर 21 व्या दिवशी परत माज बघा. दिसला नाही म्हणून गाभण धरू नका, अडीच-तीन महिन्यांनी तपासणी करून घ्या. गाय नऊ महिने नऊ दिवसांची, म्हैस दहा महिने दहा दिवसांची.

पुढच्या बैठकीला घरचं कॅलेंडर घेऊन या. ज्यांची गाय तीनदा उलटली, त्यांचं आधी बघू.