कसब्याच्या अंगणातील जावा

तांबट आळीतील हातोड्यांचा नाद पुण्याच्या ज्या कसबा पेठेत पिढ्यान्‌पिढ्या घुमत आला, तेथून रविवारी वा बुधवारी जुन्या बाजारात गेलेला एखादा गृहस्थ गंजलेल्या सुट्या भागांच्या ढिगापुढे उकिडवा बसून कार्बुरेटर न्याहाळताना दिसला, तर त्यास भंगाराचे गिऱ्हाईक समजू नये; त्याच्या घरी बहुधा एक जुनी जावा पुनर्जन्माची वाट पाहत असते. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून तयार होऊ लागलेल्या या मोटारसायकलचे वैशिष्ट्य असे, की ज्या दांड्यास लाथ मारून इंजिन सुरू करावयाचे, तोच पुढे वळवून गिअर बदलावयाचे. तो कारखाना १९९६ मध्ये बंद पडला आणि तेव्हापासून अशा गाडीची दुरुस्ती हे एकट्यादुकट्याचे काम राहिले नाही.

वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीचा पिस्टन सिलिंडरमध्ये जखडला, की नवखा मनुष्य हातोडा उचलतो. जाणता स्नेही मात्र त्याचा हात धरतो, स्पार्क प्लग काढून त्या छिद्रातून तेल सोडावयास लावतो आणि चार दिवस धीर धरावयास सांगतो. हे निरपेक्ष साहचर्य मला त्या गाडीहूनही मोलाचे वाटते.

अशा जुन्या गाडीस कायद्यानेही मान दिला आहे: २०२१ च्या केंद्रीय नियमांन्वये, मूळ स्वरूपात राखलेल्या ५० वर्षांहून जुन्या दुचाकीस ‘व्हीए’ अक्षरांचा स्वतंत्र नोंदणी क्रमांक मिळतो. तेव्हा आजोबांच्या गाडीचे नोंदणीपुस्तक एखाद्या ट्रंकेत असेल, तर ते कृपया रद्दीत घालू नका.