फवारणीचा पंप आणि मजुराचा हक्क

(शेवगाव तालुक्यातील एका विहारात झालेल्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या भादव्यात कपाशीवर फवारणी करून घरी परतलेला एक तरुण मजूर रात्रीतून दगावला. काही महिन्यांनी त्याची पत्नी माझ्याकडे आली. फवारलेले औषध कोणते, हे तिला ठाऊक नव्हते. बाटली मालकाने त्याच रात्री बांधाला पुरून टाकली होती. मजुरी दिल्याचा कागद नव्हता. दवाखान्याच्या चिठ्ठीवर उलट्या व ताप, एवढेच लिहिलेले. सत्य तिच्या बाजूस होते. न्यायासनापुढे ठेवावयास मात्र तिच्या हाती काहीच नव्हते. आज मी जे सांगणार आहे ते तिला आधी कळावयास हवे होते.

आपण ज्यास 'औषध' म्हणतो ते विष आहे. त्या एका शब्दानेच निम्मी फसवणूक होते. मोनोक्रोटोफॉससारखी विषे किडीच्या मज्जासंस्थेवर जो आघात करतात, तोच माणसाच्याही मज्जासंस्थेवर करतात. तोंडाला लाळ सुटते, दरदरून घाम येतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते आणि अखेर श्वास कोंडतो. विष तोंडावाटेच पोटात जाते, हा समज चुकीचा आहे. भिजलेल्या सदऱ्यातून, उघड्या पाठीच्या कातडीतूनही ते शरीरात शिरते.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात काय घडले ते आठवा. कपाशी डोक्याच्या वर गेलेली, हवेत उकाडा, एकाच टाकीत दोन-तीन विषांचे मिश्रण आणि बारीक तुषार उडविणारे यंत्र. शेकडो शेतकरी व मजूर इस्पितळात दाखल झाले, २० हून अधिक माणसे मेली. सरकारने मृतांच्या वारसांस २ लाख रुपये जाहीर केले. विशेष चौकशी पथकाने दोषाचा वाटा खुद्द शेतकरी-मजुरांच्या निष्काळजीपणावरही टाकला. ज्याच्या अंगावर धड सदरा नाही, त्याने मुखपट्टी व हातमोजे का घातले नाहीत, असे विचारणे सोपे आहे! आणि ते २ लाख रुपये अनुग्रह म्हणून मिळाले. अनुग्रह देणाऱ्याच्या मर्जीवर असतो; हक्क मागता येतो.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १९५८ साली केरळ व मद्रास राज्यांत जहाजातील धान्यावर कीटकनाशक सांडून शंभराहून अधिक माणसे मेली. त्यानंतर चौकशी आयोग बसला आणि १९६८ चा कीटकनाशक कायदा झाला. १९७१ च्या नियमांत विष हाताळणाऱ्यास संरक्षक वस्त्रे, श्वसनाची साधने, प्रथमोपचार यांची तरतूद आहे. परंतु त्याच कायद्याचे कलम ३८ वाचा. स्वतः कसत असलेल्या जमिनीवर कोणी कीटकनाशक वापरले, तर त्या वापरास हा कायदा लागूच नाही! कारखान्यात विष भरणाऱ्याला कवच आहे. तेच विष दुसऱ्याच्या शेतात पाठीवर वाहणारा भूमिहीन मजूर मात्र त्या कवचाबाहेर राहतो. आणि हा मजूर बहुधा कोणत्या वस्तीतला असतो, हे आपणांस मी सांगावयास नको. ही पळवाट विधिमंडळात व संसदेत उठविली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तथापि दुसरे एक दार उघडे आहे, व ते फार थोड्यांस ठाऊक आहे. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात शेतीतील कीटकनाशक फवारणीचे काम नाव घेऊन घातलेले होते. नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता त्याच्या जागी आली आहे. कामावर असताना इजा वा मृत्यू झाल्यास भरपाई मालकाने द्यावयाची, हे त्यातील मूळ तत्त्व. दाव्यास मुदत असते. म्हणून दुखवटा सरण्याची वाट पाहू नका.

म्हणून फवारणीस जाण्यापूर्वी बाटलीवरील चौकटीचा रंग पाहा. लाल सर्वांत घातक, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. सोबतच्या पत्रकात उतारा लिहिलेला असतो. प्रकृती बिघडली तर ते पत्रक व बाटली घेऊनच डॉक्टरांकडे जा, आणि 'फवारणीनंतर विषबाधा' हे शब्द चिठ्ठीवर लिहावयास सांगा. घरात शिकलेली मुलगी असेल तर मजुरीचा हिशेब तारीखवार वहीत तिच्याकडून लिहवून घ्या.

भगिनींना आणखी एक सांगणे आहे. रिकामा डबा पाण्यास वा तेलास वापरू नका. तो कितीही धुतला तरी निर्विष होत नाही. फवारणीचे कपडे लेकरांच्या कपड्यांत धुवू नका. पंप ओढ्यात विसळला की मासे मरतात आणि तेच पाणी खालच्या वस्तीच्या विहिरीत झिरपते. आपल्या जिल्ह्यात कांद्याचे डोंगळे फुलतात तेव्हा बी धरण्यास मधमाशी लागते. भर फुलोऱ्यात विष मारले की मधमाशी मरते व बीही हातचे जाते. मालकाला एरवी आपले म्हणणे पटत नसेल, पण हा तोटा त्यास चटकन कळतो.

त्या भगिनीचे प्रकरण मी सोडलेले नाही. कीटकनाशकाची प्रत्येक विक्री पावतीवर करावी व तिची नोंद ठेवावी, असे बंधन १९७१ च्या नियमांनी विक्रेत्यावर घातले आहे. बाटली मातीत गेली असली तरी दुकानाची वही पुरता येत नाही. सध्या आम्ही त्या वहीच्या मागे आहोत.