मोजणारा आणि पाहणारे

वाटाण्याच्या शेंगा सोलतांना आंतले दाणे कोणी मोजीत बसत नाहीं. परंतु एका मठवासी शिक्षकानें ते आठ वर्षें मोजले, आणि त्या मोजणींतून आनुवंशिकतेचा एक मोठा नियम हातीं आला.

ग्रेगोर मेंडेल हे मोराव्हियांतील ब्रनो येथील मठांत राहत. ते शाळेंत शिकवीत. शिक्षकाची परीक्षा मात्र ते कधींच उतरले नाहींत. १८५६ पासून १८६३ पर्यंत त्यांनीं मठाच्या बागेंत वाटाण्यावर प्रयोग केले. गोल दाण्याच्या जातीचा सुरकुतलेल्या दाण्याच्या जातीशीं संकर केला, तेव्हां पहिल्या पिढीचे सर्व दाणे गोल निघाले. मग सुरकुती नष्ट झाली कीं काय? तेच दाणे पेरून आलेल्या रोपांपासून ७३२४ दाणे मिळाले. त्यांपैकीं ५४७४ गोल होते, १८५० सुरकुतलेले. तीनास एक, असें हें प्रमाण पडलें.

मेंडेल यांचें अनुमान असें कीं, प्रत्येक गुणाचे दोन घटक रोपांत असतात, एक मातेकडून व एक पित्याकडून आलेला. आणि प्रजननपेशी तयार होतांना त्यांतील एकच पुढें जातो. संकरित रोपांत एक घटक गोल व एक सुरकुतीचा. अशा दोहोंच्या चार जुळण्या होतात. पैकीं एकींतच दोन्ही घटक सुरकुतीचे येतात. म्हणून चारांत एक दाणा सुरकुततो.

१८६५ सालीं हा निबंध ब्रनोच्या निसर्गाभ्यासक मंडळींपुढें वाचला गेला, १८६६ सालीं छापला गेला, आणि पडून राहिला. १८८४ सालीं मेंडेल वारले.

हे घटक असतात तरी कोठें? त्याचें उत्तर सूक्ष्मदर्शकाखालीं होतें. रॉबर्ट हूक यांनीं १६६५ सालीं बुचाच्या पातळ कापांत रिकाम्या कोठड्या दाखविल्या व पेशीस नांव मिळालें. पुढें रंगद्रव्यांनीं पेशीचें अंतरंग दिसूं लागलें. वाल्टर फ्लेमिंग यांनीं सॅलमँडरच्या पिलांच्या पेशींत पाहिलेल्या सूक्ष्म तंतूंचें सविस्तर वर्णन १८८२ सालीं प्रसिद्ध केलें. पेशी दुभंगतांना प्रत्येक तंतु उभा चिरला जाई व दोन्ही नव्या पेशींस सारखा वांटा मिळे. हींच गुणसूत्रें. एका ठिकाणीं आंकडे होते, दुसरीकडे तंतु. दोहोंची गांठ पडली नव्हती.

१९०० सालीं डी व्हरीस, कॉरेन्स व चेरमाक यांच्या लेखनानें मेंडेल यांचा निबंध पुन्हां उजेडांत आला. १९०२-०३ सालीं अमेरिकेंतील वॉल्टर सटन ह्या तरुण विद्यार्थ्यानें नाकतोड्याच्या पेशींत पाहिलें कीं, गुणसूत्रें जोडीनें असतात आणि प्रजननपेशींत प्रत्येक जोडींतील एकच जातें. मेंडेल यांचे घटकही असेच वागत होते! जर्मनींत बोव्हेरीही याच निर्णयाकडे वळले होते.

सुरकुतीचें कारण मात्र १९९० सालीं कळलें. पिष्ट बनविण्यास साहाय्य करणाऱ्या एका जनुकांत डीएनएचा एक जादा तुकडा शिरलेला असतो. त्यामुळें दाण्यांत पिष्ट कमी व साखर अधिक होते; साखरेमुळें पाणीही जास्त शिरतें, आणि वाळतांना साल आकसते.

शाळेंतील सूक्ष्मदर्शकाखालीं कांद्याच्या मुळाचें कोवळें टोंक रंगवून पाहिल्यास हे तंतु आजही दिसतात. विद्यार्थ्यांनीं ते पाहावे, आणि पाहून झाल्यावर मोजावेहि.