सत्तेची अधिमान्यता कोठून येते?

(दिल्ली येथे मराठी भाषक पक्षसभासदांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पक्षाचे दस्तऐवज मराठीत आणताना 'लेजिटिमसी' हा शब्द वारंवार आडवा येतो. हिंदीत त्यासाठी बहुधा 'वैधता' म्हणतात, आणि कायदेशीरपणालाही तोच शब्द वापरतात. मराठी राज्यशास्त्राने 'अधिमान्यता' असा वेगळा शब्द घडविला. शब्द बोजड आहे; कारखान्याच्या दारावरील सभेत तो उच्चारण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु त्याने टिपलेला भेद आपल्या कामाचा आहे. कायद्यात बसते ते वैध. ज्यांच्यावर हुकमत चालवायची त्यांनीच ती रास्त म्हणून मानलेली असते, तेव्हा ती अधिमान्य. पहिल्याच्या बळावर राज्यसंस्था काही काळ चालते. दुसऱ्यावाचून मात्र तिला प्रत्येक चौकात शिपाई उभा करावा लागतो, आणि तेवढे शिपाई कोणत्याही राज्याला परवडत नाहीत.

मॅक्स वेबरने अधिमान्यतेचे तीन आधार सांगितले: परंपरा, नेत्याचे विभूतिमत्त्व आणि नियमबद्ध कायदा. हे वर्गीकरण उपयुक्त आहे. पण लोकांचा हा विश्वास कोण घडवितो, कोणत्या वर्गाच्या हितासाठी घडवितो, हा प्रश्न त्यात मागे पडतो. तो प्रश्न मुसोलिनीच्या तुरुंगात ग्राम्सीने हाती घेतला. सत्ताधारी वर्ग केवळ दंडुक्याने राज्य करीत नाही. शाळा, वृत्तपत्रे, धर्मसंस्था यांच्याद्वारे तो संमती घडवीत असतो, हे त्याने दाखवून दिले.

आपण दिल्लीत बसलो आहोत, म्हणून येथलेच उदाहरण घेऊ. १७८४ साली महादजी शिंदे उत्तरेतील सर्वांत प्रबळ सेनापती होते. बादशहा शाह आलम याच्यापाशी ना फौज होती, ना खजिना. तरीही महादजींनी त्याच्याकडूनच पेशव्यांच्या नावे 'वकील-इ-मुतलक' हे पद मिळविले. तलवार मराठ्यांची, शिक्का बादशहाचा! १८०३ मध्ये इंग्रजांनी दिल्ली घेतली, तेव्हा त्यांनीही बादशहाला गादीवर राहू दिले. ११ मे १८५७ रोजी मेरठहून आलेल्या शिपायांनी लाल किल्ल्याचीच वाट धरली. तीन परस्परविरोधी शक्ती, आणि तिघींनाही त्या एकाच दुर्बळ वृद्धघराण्याचे नाव हवे होते. अधिमान्यता ही शस्त्रबळाहून निराळी वस्तू आहे, याचा याहून ठळक पुरावा कोणता?

मात्र मराठी इतिहासातच दुसरा उगमही सापडतो. शिवाजी महाराजांना १६७४ मध्ये राज्याभिषेक करून घ्यावा लागला, कारण शास्त्राची मोहोर नसलेल्या राजाला राजा मानावयास तत्कालीन समाजातील वरिष्ठ तयार नव्हते. ही झाली वरून येणारी मान्यता. परंतु त्याच्या आदल्याच वर्षी, १६७३ मध्ये, चिपळूण भागातील लष्कराला लिहिलेल्या पत्रात महाराजांनी वेगळाच धाक घातला आहे. तुम्ही रयतेचे दाणे, गवत, भाजी ओरबाडू लागलात तर यापेक्षा मोगल बरे, असे कुणबी म्हणू लागतील, हा त्या पत्राचा आशय. अभिषेकाआधीच राज्याचा निवाडा कुणब्याच्या तोंडी दिलेला आहे! कॉम्रेड गोविंद पानसरे यांनी 'शिवाजी कोण होता?' मध्ये रयतेच्या बाजूने हा इतिहास मांडला, ही त्यांची मोठी कामगिरी होय.

प्रजासत्ताकात बादशहाची सनद संपली. राज्यघटनेची उद्देशिका 'आम्ही भारताचे लोक' या शब्दांनी सुरू होते. ती स्वीकारली गेली २६ नोव्हेंबर १९४९ रोजी. बरोबर ७१ वर्षांनी, २६ नोव्हेंबर २०२० रोजी, पंजाब-हरियाणाचे शेतकरी अश्रुधूर आणि पाण्याचे फवारे झेलीत दिल्लीच्या वेशीकडे निघाले.

तीन कृषी कायद्यांची कथा आपणांस माहीत आहे. मी एकाच अंगाकडे लक्ष वेधतो. ५ जून २०२० ला, टाळेबंदीच्या काळात, अध्यादेश निघाले. २० सप्टेंबरला राज्यसभेत विरोधकांनी मतविभागणी मागितली असता ती नाकारून दोन विधेयके आवाजी मतदानाने मंजूर झाल्याचे घोषित करण्यात आले. राष्ट्रपतींची सही झाली, राजपत्रात प्रसिद्धी झाली. कायदे वैध झाले. 'आम्हाला जनतेने निवडून दिले आहे,' हे सरकारचे उत्तर होते. त्यावर सत्ताधारी पक्षाला २०१९ मध्ये ३७ टक्क्यांच्या आसपासच मते होती, असे आपले काही वक्ते सांगत. हा युक्तिवाद मला लंगडा वाटतो. स्वतंत्र भारतात कोणत्याही एका पक्षाने लोकसभेला निम्मी मते मिळविलेली नाहीत. खरा मुद्दा असा की मतदान म्हणजे पाच वर्षांचे कोरे मुखत्यारपत्र नव्हे. ज्यांच्या जमिनीवर आणि बाजारावर कायदा लागू व्हावयाचा, त्यांना विचारलेलेच नव्हते.

सिंघू, टिकरी, गाझीपूर येथे लंगर चालले, थंडी आणि उन्हाळा गेला. महाराष्ट्रातील किसान सभेचा जथा २१ डिसेंबरला नाशिकहून निघून राजस्थान-हरियाणा सीमेवरील शाहजहानपूरला पोहोचला. २०१८ च्या नाशिक-मुंबई लाँग मार्चमध्ये चाललेले पाय त्यात होते. सर्वोच्च न्यायालयाने १२ जानेवारी २०२१ ला कायद्यांना स्थगिती देऊन समिती नेमली. शेतकऱ्यांनी समितीपुढे जाण्यास नकार दिला. यावर त्यांना संसद आणि न्यायालय मानत नाहीत असे हिणविले गेले.

वस्तुस्थिती उलटी होती. २२ जुलै २०२१ पासून, पावसाळी अधिवेशन चालू असताना, दररोज २०० शेतकरी जंतरमंतरवर 'किसान संसद' भरवीत. त्यात कायद्यांवर चर्चा होई. खासदारांसाठी मतदारांचा पक्षादेश, ज्याला 'व्हिप' म्हणतात तोही, काढण्यात आला. पुढे १९ नोव्हेंबरला पंतप्रधानांनी दूरचित्रवाणीवरून माघार जाहीर केली, तेव्हा तंबू हलले नाहीत. घोषणा नको, संसदेत कायदा रद्द करा, असे मोर्चाने बजावले. २९ नोव्हेंबरला रद्दीकरणाचे विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झाले, आणि तेही चर्चेविना! ११ डिसेंबरला शेतकरी परतू लागले. संसदेची प्रतिष्ठा कोणी अधिक राखली, हे त्या दिवसांत दिसले. आंदोलकांच्या गणनेनुसार सातशेहून अधिक शेतकऱ्यांच्या मृत्यूनंतर हे घडले, हे मात्र विसरता येणार नाही.

आता अवघड भाग. त्याच सप्टेंबर २०२० मध्ये, विरोधक सभागृहात नसताना, तीन श्रमसंहिताही मंजूर झाल्या. वेतनसंहिता आदल्या वर्षीच झाली होती. त्यांनाही कामगारवर्गाची संमती नव्हती. तरी २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चारही संहिता अंमलात आल्या. कृषी कायदे कोसळले, संहिता का टिकल्या?

आपल्या पत्रकांत याचे उत्तर 'दडपशाही' या एका शब्दात दिले जाते. दडपशाही वेशीवरही होती; रस्त्यात खिळे ठोकले होते. फरक असा की शेतकऱ्याने असंमती नोंदविली आणि तो सहा महिन्यांचा शिधा घेऊन तेथेच बसला. कामगार संघटनांनी २६ नोव्हेंबर २०२० ला, त्याच दिवशी, सार्वत्रिक संप केला. २०२२ मध्ये दोन दिवसांचा, ९ जुलै २०२५ ला एक दिवसाचा. दुसऱ्या दिवशी पाळी सुरू झाली. फरीदाबाद, मानेसर, नोएडा येथील ठेकेदारीवरचा मजूर एक दिवस गैरहजर राहिला तर तिसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा उभा असतो. शेतकऱ्यापाशी घरचे धान्य आणि पाठीशी गाव होते. या मजुराच्या पाठीशी भाड्याची खोली आहे. त्याची असंमती सरकारला ऐकू जात नाही, कारण ती टिकवून धरण्याचे साधन त्याच्यापाशी नाही.

ते साधन म्हणजे संपनिधी, वस्तीतील समित्या, की कामगारांच्या वस्त्या आणि त्यांची मूळ गावे यांना जोडणारी किसान सभेची शाखा, यावर मतभेद आहेत. माझा कल शेवटच्या पर्यायाकडे आहे, कारण या पट्ट्यातील असंख्य मजूर शेतकऱ्यांचीच मुले आहेत. फरीदाबाद आणि नोएडात काम करणारे कॉम्रेड येथे उपस्थित आहेत. चर्चेची सुरुवात त्यांनी करावी.